एंडोमेट्रिओसिसवर ‘लग्न करा, मूल होऊ द्या’ हा सल्ला आता तरी छापू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत पाळीच्या दुखण्यावर लेख आला होता. त्यात एंडोमेट्रिओसिसचं नाव घेतलेलं बघून आधी खरंच बरं वाटलं, कारण मराठी पेपरात हा शब्द फार क्वचित छापून येतो. पण पुढे दोन वाक्यं अशी आली की वाचून गप्प बसवेना. एक म्हणजे, करिअरच्या मागे लागून उशिरा लग्न करणाऱ्या बायकांना हा आजार जास्त होतो. आणि दुसरं, लग्न होऊन एखादं मूल झालं की त्रास बहुतेक वेळा आपोआप जातो. लेख लिहिणाऱ्यांनी ही वाक्यं मनाने बनवली असं मी म्हणत नाही, ती जुन्या पुस्तकांतून आणि जुन्या शिकवणीतून चालत आलीत, आणि ती आधी कोणी म्हटली, कशाच्या जोरावर म्हटली, नंतर त्यांचं काय झालं हे वाचकांना कळलं पाहिजे म्हणून हे पत्र. लांब झालंय, तरी जमलं तर पूर्ण छापा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत आमच्याकडे यायचा, त्याचा मेणात ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर केसापेक्षा पातळ काप घ्यायचे, रंगवायचे आणि स्लाइड डॉक्टरांसमोर ठेवायची, हे माझं काम. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट आली की कापल्यावर आतून घट्ट तपकिरी द्रव बाहेर यायचा, ते महिनोन्महिने साचलेलं जुनं रक्त असतं. आणि स्लाइडवर बघितलं तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात असतात तसल्याच ग्रंथी, तसाच त्यांच्याभोवती पेशींचा थर, फक्त जागा चुकलेली. अंडाशयावर, ओटीपोटाच्या पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर, गर्भाशयाच्या मागच्या खाचेत. एंडोमेट्रिओसिस म्हणजे हेच. ते अस्तर तिथेही हार्मोनला दाद देतं, तिथे सूज येते, रक्त येतं, आणि ते बाहेर पडायला वाट नसते म्हणून आतले अवयव एकमेकांना चिकटत जातात. सोबत आलेल्या फॉर्मवर ‘त्रास किती वर्षांपासून’ असा रकाना असायचा आणि तो वाचला की मला नेहमी वाटायचं की ही बाई एवढी वर्षं कोणाकोणाला सांगत फिरली असेल.

तर आता इतिहास. लग्न आणि मूल हा इलाज आजकालच्या डॉक्टरांनी शोधलेला नाही, तो साधारण २४०० वर्षं जुना आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर जे ग्रीक ग्रंथ आहेत त्यांत लिहिलंय की गर्भाशय रिकामं राहिलं, कोरडं पडलं, की ते जागा सोडून शरीरात वर सरकतं आणि त्यातून कळा, गुदमरणं, फिट असले त्रास होतात, आणि उपाय काय तर लग्न आणि गर्भारपण. नाकाशी घाण वासाची धुरी द्यायची आणि खाली सुवासिक, म्हणजे ते आपलं खाली उतरेल. प्लेटोनेही गर्भाशय हा मूल मागणारा एक प्राणीच आहे असं लिहून ठेवलंय. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, त्या काळातही सगळ्यांना हे मान्य नव्हतं. साधारण इसवी सन १०० च्या सुमारास रोममध्ये काम करणारा सोरेनस नावाचा वैद्य स्पष्ट लिहितो की गर्भाशय काही गुहेतून बाहेर पडलेल्या जनावरासारखं फिरत नाही. म्हणजे डोळ्यांनी बघून बोलणारा माणूस तेव्हाही होता, पण टिकली ती दुसरी कल्पना, आणि ती पुढे हिस्टेरिया या नावाने शेकडो वर्षं चालली.

हिस्टेरिया म्हणून ज्या बायकांवर शिक्का बसला त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना खरं तर एंडोमेट्रिओसिस असावा असं काही अमेरिकन सर्जन-संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं. मला ते पूर्ण पटत नाही. इतक्या जुन्या वर्णनांवरून, पोट न उघडता, स्लाइड न बघता आजार ओळखणं अवघड आहे आणि त्या एका नावाखाली मिरगी, डिप्रेशन, जंतुसंसर्ग असं काय काय घातलं गेलं असेल. पण ओटीपोटात दुखतंय असं बाई म्हणाली की कारण तिच्या मनात किंवा तिच्या अविवाहित असण्यात शोधायचं ही सवय तिथे लागली एवढं मात्र नक्की. मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीतून हिस्टेरियाचं निदान गेलं ते १९८० साली. माझ्या पिढीच्या बायका तेव्हा जन्मलेल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाची गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. व्हिएन्नामध्ये कार्ल फॉन रोकिटान्स्की नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते, हजारो शवविच्छेदनं केलेला माणूस, त्यांनी १८६० मध्ये लिहिलं की गर्भाशयाच्या स्नायूत आणि अंडाशयात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ग्रंथी वाढलेल्या सापडतात. बहुतेक पुस्तकं या आजाराची सुरुवात इथून धरतात (त्यांनी बघितलं ते नेमकं हेच होतं का यावर इतिहासकारांत वाद आहे, पण तो बाजूला ठेवू). म्हणजे काहीतरी खरंखुरं, डोळ्यांना दिसणारं, मायक्रोस्कोपखाली दाखवता येणारं सापडलं होतं. आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १८७२ मध्ये, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या सर्जनने पाळीच्या भयंकर त्रासासाठी आणि मज्जातंतूंच्या तक्रारींसाठी बायकांची वरवर निरोगी दिसणारी अंडाशयं काढायला सुरुवात केली, ते ऑपरेशन त्यांच्या नावाने इतकं पसरलं की पुढची काही दशकं कित्येक देशांत होत राहिलं, बायका त्यात मेल्यासुद्धा. पॅरिसमध्ये शार्कोसारखा मोठा न्यूरॉलॉजिस्ट हिस्टेरियाच्या बायकांच्या अंडाशयावर बाहेरून दाब देऊन झटका थांबतो का हे बघत होता. ओटीपोटातच काहीतरी आहे याचा अंदाज सगळ्यांना होता, पण स्लाइड बघणारे आणि बाईला तपासणारे यांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं.

ते बोलणं सुरू झालं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, कारण तिथे स्त्रीरोगाचे सर्जन स्वतःच पॅथॉलॉजी शिकायचे. थॉमस कलन हे त्यातले एक. १८९६ पासून पुढे पंचवीसेक वर्षं त्यांनी हे अस्तर कुठे कुठे सापडतं याचा पाठपुरावा केला. गर्भाशयाच्या स्नायूत, गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यात, गुदाशय आणि योनीच्या मधल्या पडद्यात, आतड्यावर, बेंबीत सुद्धा. १९०८ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि मॅक्स ब्रोडेलसारख्या चित्रकाराचं काम त्यांना लाभलं, ती चित्रं आजही बघण्यासारखी आहेत. त्याच हॉस्पिटलात विल्यम रसेल यांनी १८९९ मध्ये अंडाशयात गर्भाशयाचं अस्तर सापडल्याचं लिहिलं. गुदाशयाच्या बाजूची वाढ काढणं हे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनपेक्षाही कठीण आहे असं कलन यांनी शंभर वर्षांपूर्वी म्हणून ठेवलंय, आणि आज या आजाराची ऑपरेशनं करणारे सर्जन हेच सांगतात.

आणि मग जॉन सॅम्पसन. न्यूयॉर्क राज्यातलं ऑल्बनी, तिथे ते सर्जन, हॉपकिन्समध्येच तयार झालेले. या माणसाबद्दल मला फार आदर आहे, म्हणून इथे जरा थांबते. १९२१ मध्ये त्यांनी चॉकलेट सिस्टवर पेपर लिहिला, तोपर्यंत या सिस्ट म्हणजे अंडाशयात झालेला साधा रक्तस्राव असं समजून सोडून देत. सॅम्पसन यांच्या लक्षात आलं की सिस्टच्या भिंतीला गर्भाशयाचंच अस्तर आहे आणि सिस्ट फुटली की आजूबाजूला तसलेच डाग रुजतात. काही ऑपरेशनं त्यांनी मुद्दाम पाळीच्या दिवसांत केली, तेव्हा त्यांना गर्भाशयातून अंडाशयाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या टोकातून पोटात रक्त येताना दिसलं. त्यावरून १९२७ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत मांडला की पाळीचं थोडं रक्त उलट्या दिशेने नळ्यांतून पोटात जातं, त्याबरोबर अस्तराच्या जिवंत पेशी जातात आणि तिथे चिकटून वाढतात. एंडोमेट्रिओसिस हे नावही त्याच काळात त्यांनीच रूढ केलं. त्याआधी या आजाराला धड एक नाव नव्हतं, प्रत्येक जण वेगळं म्हणायचा. पेशंट, सर्जन आणि मायक्रोस्कोप या तिन्हींना एकाच माणसाने एकत्र धरलं म्हणून हे झालं असं माझं मत आहे.

अर्थात सगळ्यांना पटलं नाही. बर्लिनचे रॉबर्ट मेयर म्हणत होते की पोटाच्या आतल्या पडद्याच्या पेशीच रूप बदलून अस्तरासारख्या होतात, बाहेरून काही यायला नको. व्हिएन्नाचे हाल्बान म्हणाले की पेशी लसिकावाहिन्यांतून पसरतात. १९५० च्या सुमारास टेलिंड आणि स्कॉट यांनी माकडिणींमध्ये पाळीचं रक्त पोटात जाईल अशी शस्त्रक्रिया करून बघितली, काहींना आजार झाला, सगळ्यांना नाही. मग १९८४ मध्ये हाल्मे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नळ्या मोकळ्या असलेल्या जवळजवळ ९० टक्के बायकांच्या पोटात पाळीच्या दिवसांत रक्त सापडतंच! म्हणजे उलटं रक्त जाणं ही सर्वसामान्य गोष्ट आहे, आणि आजार मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के जणींना होतो, जगात सुमारे १९ कोटी. मग बाकीच्यांना का होत नाही? हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यात अगदी क्वचित, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घेतलेल्या पुरुषांमध्येही हा आजार सापडल्याच्या नोंदी आहेत, तिथे पाळीचा संबंधच नाही. त्यामुळे सॅम्पसन बरोबर होते पण पूर्ण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं असं म्हणावं लागतं.

आता आपल्या लेखातल्या त्या पहिल्या वाक्याकडे येते. ते आलं बॉस्टनच्या जो मेग्ज या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञांकडून. १९३० आणि ४० च्या दशकांत त्यांनी लिहिलं की आपल्या खासगी, सुखवस्तू पेशंटमध्ये हा आजार जास्त दिसतो, या बायका उशिरा लग्न करतात, मुलं कमी होऊ देतात, माकडिणींना कशा वयात आल्याबरोबर पिलं होत राहतात, तेव्हा बायकांनीही लवकर लग्न करावं आणि लवकर, जास्त मुलं होऊ द्यावीत. त्यातून हा ‘करिअर करणाऱ्या बाईचा आजार’ झाला आणि पुस्तकांत असं चित्र छापलं गेलं की पेशंट म्हणजे तिशीतली, गोरी, शिकलेली, महत्त्वाकांक्षी, मूल नसलेली. आता विचार करा, त्या काळात पोट उघडल्याशिवाय हा आजार दिसत नव्हता, आणि नुसत्या दुखण्यासाठी पोट उघडून घेणं कोणाला परवडत होतं? ज्या दवाखान्यापर्यंत पोचल्या त्यांची मोजणी झाली आणि ज्या पोचल्याच नाहीत त्यांना आजार होत नाही असं ठरलं. शिवाय या आजारानेच मूल राहायला अडचण येते, तेव्हा मूल नाही म्हणून आजार झाला की आजार आहे म्हणून मूल नाही, हे उलटंपालटं कोणी तपासलं नाही.

हे खोडून काढलं ते शिकागोचे डोनाल्ड चॅटमन यांनी, १९७६ मध्ये. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांना एंडोमेट्रिओसिस जवळपास होतच नाही असं शिकवलं जायचं, त्यांच्या ओटीपोटात दुखलं की लैंगिक संबंधातून झालेला जंतुसंसर्ग असं लिहून मोकळं व्हायचं. चॅटमन यांनी पोटात दुर्बीण घालून बघितलं तर त्यांच्या कृष्णवर्णीय पेशंटपैकी दर पाचातल्या एकीला हा आजार निघाला आणि त्यातल्या बऱ्याच जणींवर आधी संसर्गाचा शिक्का बसलेला. एक तर दुखणं सोसायचं आणि वर चारित्र्यावर बोट! हा पेपर मेडिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

लवकर आणि जास्त पाळ्या आल्या तर धोका काहीसा वाढतो हे अभ्यासांत दिसतं, ते मी नाकारत नाही. पण त्यावरून लग्न हे औषध ठरत नाही. दुसऱ्या वाक्याचंही तसंच आहे. गरोदरपणात पाळी बंद असते, अंगावर पाजताना बऱ्याच जणींची बंद असते, तेवढे दिवस काहींना आराम पडतो (सगळ्यांना नाही), आणि पाळी परत सुरू झाली की पुष्कळदा दुखणं परत येतं. त्यात या आजाराच्या साधारण ३० ते ५० टक्के बायकांना मूल राहायलाच अडचण येते असं डॉक्टर सांगतात, मग त्यांना ‘मूल झालं की बरं होईल’ म्हणणं म्हणजे काय करणं आहे ते तुम्हीच बघा. मला स्वतःला तरुणपणी एका डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. आजार मलाही आहे, मुलगी झाल्यावरही राहिला.

औषधांचा इतिहास सुद्धा गंमत म्हणजे याच कल्पनेवर उभा राहिला. बॉस्टनचेच किस्टनर यांनी १९५८ च्या सुमारास इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनच्या गोळ्या सतत देऊन शरीराला खोटं गर्भारपण आणायला सुरुवात केली, काहींना फरक पडला आणि आजही गोळ्यांनी पाळी दाबून ठेवणं हा उपचार चालतोच, तो उपयोगी आहे. मग डॅनाझोल आलं, अमेरिकेत १९७६ मध्ये मंजुरी मिळाली, दुखणं कमी व्हायचं पण वजन वाढायचं, चेहऱ्यावर केस यायचे, आवाज जाड व्हायचा आणि काहींचा तो तसाच राहायचा. १९८० नंतर मेंदूतून अंडाशयाला जाणारा सिग्नल बंद करणारी इंजेक्शनं आली, त्याने औषधापुरती मेनोपॉज येते, घाम, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, म्हणून ती फार काळ देता येत नाहीत. पुढे डायनोजेस्टसारख्या गोळ्या आल्या, २०१८ मध्ये अमेरिकेत इलागोलिक्सला मंजुरी मिळाली. पण नीट बघितलं तर हे सगळं हार्मोन दाबणंच आहे. काही जणींना चांगला आराम पडतो, काहींना नाही, आणि जिला मूल हवंय तिला तर यातलं काहीच चालू ठेवता येत नाही. पिशवी काढली की संपलं असंही सरसकट नाही, कारण डाग पिशवीच्या बाहेर असतात आणि ते तसेच राहिले तर दुखणं राहू शकतं.

खरा फरक पाडला तो दुर्बिणीने. पॅरिसमध्ये राउल पामर यांनी १९४० च्या दशकात पोटात दुर्बीण घालून बघायला सुरुवात केली, इंग्लंडच्या पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं (हेच पुढे पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीमुळे गाजले), आणि मोठा चिरा न देता आत बघता यायला लागलं. पण दुर्बीण असली तरी काय शोधायचं हे माहीत लागतं ना! पुस्तकात चित्र होतं काळ्या, जळल्यासारख्या डागांचं, म्हणून सर्जन काळे डाग शोधायचे आणि दिसले नाहीत की ‘आत काही नाही, सगळं नॉर्मल’ असं लिहायचे. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॅन्सन आणि रसेल यांनी, हे वेगळे रसेल, पांढरे, पारदर्शक, लालसर असे काळे नसलेले डाग कापून मायक्रोस्कोपखाली बघितले तर तेही एंडोमेट्रिओसिसच. पुढे अमेरिकेच्या डेव्हिड रेडवाइन यांनी दाखवलं की तरुण वयात डाग फिके असतात आणि वयाबरोबर गडद होतात. म्हणजे ज्या पोरींना ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं त्यांच्यातल्या कित्येकींच्या पोटात आजार होता आणि डॉक्टरांच्या डोळ्यासमोर होता. किशोरवयात हा आजार नसतो हा समजही असाच पडला. बॉस्टनच्या लाउफर यांच्या १९९७ च्या अभ्यासात, गोळ्यांनी दुखणं न थांबलेल्या मुलींमध्ये सुमारे ७० टक्के जणींना दुर्बिणीत एंडोमेट्रिओसिस सापडला.

आजाराच्या स्टेज ठरवल्या त्यातही हेच. १९७९ मध्ये अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीने मार्क देऊन चार स्टेज केल्या, नंतर १९८५ आणि १९९६ मध्ये सुधारल्या. डाग किती मोठा, किती खोल, चिकटलंय किती याला मार्क आहेत, पण दुखतं किती याला एकही मार्क नाही, कारण मूल राहील की नाही हे सांगायला ती पद्धत बनवली होती. त्यामुळे स्टेज १ ची मुलगी कळांनी गडाबडा लोळते आणि स्टेज ४ वाली मूल राहत नाही म्हणून तपासायला येते तेव्हा पहिल्यांदा कळतं, असं दोन्ही होतं. आता कळलंय की या डागांत स्वतःच्या नसा वाढतात आणि वर्षानुवर्षं कळ येत राहिली की मणका आणि मेंदू पण ती कळ मोठी करून घ्यायला लागतात. उशीर झाला की नुसता आजार वाढत नाही, दुखणं पण पक्कं होतं. म्हणून ‘थोडं अंगावर काढ’ हा सल्ला मला अक्षरशः धोक्याचा वाटतो.

आणि हे सगळं जुनं आहे, आता तसं नाही, असं कोणी म्हणेल तर एक उदाहरण देते. २०१३ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी एका नामांकित फर्टिलिटी जर्नलमध्ये अभ्यास छापला, विषय काय, तर गुदाशयाजवळ एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायका इतरांपेक्षा दिसायला आकर्षक असतात का! पेशंट बायकांना त्यासाठी मार्क दिले गेले. सात वर्षं ते तसंच छापलेलं राहिलं, खूप टीका झाल्यावर २०२० मध्ये मागे घेतलं. ज्या आजारात निदानालाच सरासरी कित्येक वर्षं जातात त्यावर कोणाला तरी हा प्रश्न अभ्यासावासा वाटला आणि तो छापणारेही भेटले.

चांगलं पण घडतंय, ते न सांगणं अन्याय होईल. यातलं बरंच बायकांनी स्वतः रेटून घडवलं, १९८० मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला पेशंट बायकांनीच एंडोमेट्रिओसिस असोसिएशन काढली आणि आपली माहिती आपणच गोळा करायला घेतली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये राष्ट्रीय आराखडा केला, फ्रान्सने २०२२ मध्ये. २०२३ मध्ये ६० हजारांहून जास्त पेशंटच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यात आजाराशी संबंधित ४२ जागा सापडल्या आणि त्यातल्या काही मायग्रेन, कंबरदुखी अशा दुखण्यांशीही जोडलेल्या निघाल्या. त्याच वर्षी जपानच्या नागोया विद्यापीठाच्या लोकांना ६४ टक्के पेशंटच्या गर्भाशयात फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू सापडला, आजार नसलेल्यांत तो १० टक्क्यांहून कमी, आणि उंदरांमध्ये अँटिबायोटिक दिल्यावर डाग कमी झाले. याचा माणसात उपयोग होईल की नाही हे आत्ताच म्हणता येणार नाही, पण १९२७ नंतर कारणांकडे नव्याने बघणं चाललंय याचा मला फार आनंद आहे.

वाचकांच्या कामाची गोष्ट मात्र २०२२ ची आहे. प्रजननाच्या डॉक्टरांची युरोपातली जी एश्रे संस्था आहे तिच्या गाइडलाइनने सांगितलं की दुर्बिणीचं ऑपरेशन करून खात्री झाल्याशिवाय निदान नाही, हा जुना नियम आता धरून बसू नका. लक्षणं ऐका, तपासा, चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, आणि त्यावरून उपचार सुरू करता येतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असंही नाही, चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक डाग बहुतेक वेळा दिसत नाहीत. म्हणजे बाई काय सांगते याला पहिल्यांदा कागदोपत्री वजन आलंय. तेव्हा ज्यांच्या घरात असं दुखणं आहे त्यांनी एका वहीत लिहून ठेवा: पाळीच्या आधी किती दिवस कळ सुरू होते आणि नंतर किती दिवस राहते, शाळा-कॉलेज-काम किती वेळा बुडतं, संडासला किंवा लघवीला बसल्यावर पाळीत जास्त दुखतं का, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं का, दुखण्याच्या गोळीने किती तास बरं वाटतं, पाळीच्या वेळीच खांदा किंवा छाती दुखते का, आणि आई-मावशी-बहिणीला असा त्रास होता का, कारण हा आजार घराण्यात चालतो. ही वही घेऊन जा, आणि डॉक्टर ‘लग्नानंतर बघू’ म्हणाले तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

कळावे,
आपली एक वाचक